साडेतीन थाऊ

मेंढ्या रस्ता ओलांडत होत्या म्हणून मी थांबले
आणि तेलाचा काटा बसला.
गार इंजिनाला पन्नास दाखवणारा तोच काटा
तापल्यावर आठवर आला,
सावकाश, जेवण झाल्यावर बाप खुर्चीत उतरायचा तसा,
कुणाला न विचारता.
त्र्याण्णव मेंढ्या. मोजल्या मी.
दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

ब्लायनायमध्ये छपरं पाटीच्या दगडाची, कुंपणं पाटीची,
डोंगरही खाणीनं टाकलेल्या पाटीचेच.
गॅरेजच्या दाराशी एक फुटकी ठेवली आहे,
तिच्यावर खडूनं लिहिलं:
माझा पंप, सन बहात्तर,
चक्र आणि झाकण यांच्यात सात थाऊ.
थाऊ म्हणजे इंचाचे हजार तुकडे केले तर त्यातला एक.
शाळेची बस चालवायचे तेव्हा
इतक्या बारीक गोष्टीला माझ्याकडे शब्दच नव्हता.
चार चालतात.
सात म्हणजे तेल मागच्या दारानं परत घरी.

एमरिसनं शर्यतीचा मोठा पंप आणून दिला.
"सव्वापट तेल, मेरेरिद. डोळे मिटून बसव."
डोळे मिटून मी आजवर लग्न तेवढं केलं,
ते सहा वर्षं टिकलं.
जास्तीचं तेल जाणार कुठं?
झडपेतून उसळून पुन्हा तळात, उगाच तापून.
आणि एवढं ओढायचं कुणी,
तर कॅमशाफ्टवरच्या त्या म्हाताऱ्या तिरप्या दात्यांनी.
नाकापेक्षा मोती जड.
मी खोकं उघडलंच नाही.
तेव्हापासून एमरिस येतो, चहा पितो, बोलत नाही.

दुसरा टपालानं आला. कोरा, चकचकीत,
आकडे छापलेल्या पिशवीत.
पट्टी ठेवली, पातं सरकवलं.
नऊ.
पुसून पुन्हा. नऊ.
एक मैल न चालता माझ्यापेक्षा झिजलेला.
शोनेद म्हणाली, काचेवर पॉलिश पेपर पसर,
घासून पाच थाऊ निघतील तासाभरात.
निघालेही असते.
पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच:
पातं पोचतं तिथं हे,
तर न पोचतं तिथं काय?

मग ग्विंदावच्या परसात गेले.
तिथं त्याच सहा सिलिंडरची, पण चारदारी, पोटुशी,
अजिबात देखणी नसलेली गाडी
आधी तीन पोरांची होती, मग बाजाराच्या बटाट्यांची,
एकोणनव्वदपासून कोंबड्यांची.
"खालचं काय हवं ते घे," तो म्हणाला,
"मागच्या सीटला हात लावू नकोस. पिवळी अंड्यांवर बसलीय."

ताडपत्री टाकून आडवी झाले. पाऊस होताच, तो तिथं असतोच.
तेलाचं भांडं उतरवलं. तीन बोल्ट.
बिडाचा पंप काळ्या तेलात मुरलेला,
लोणच्याच्या तळातल्या फोडीसारखा.
जाळीची नळी बोटभर लांब, हरकत नाही,
माझी लावेन.
तिथंच बाहीनं पुसला, पातं घातलं.
साडेतीन.
जागा बदलून पुन्हा साडेतीन.
वर पिवळी काहीतरी पुटपुटली.

पैसे तो घेईना.
आणलेलं भांडं रिकामं परत करू नये,
म्हणून दुसऱ्या दिवशी जाऊन
माझा सात थाऊचा पंप त्या गाडीच्या पोटात बसवून आले,
बोल्ट पान्याच्या मापानं आवळून.
ती पुन्हा चालणार नाही, मला माहीत आहे.
हसायचं तर हसा.

आज पाकळ्यांत व्हॅसलीन भरलं,
डिस्ट्रिब्युटर काढला, भोकात सळई, सळईला ड्रिल.
ड्रिल हलकं फिरत राहिलं,
हलकं, फुकट,
मी मनात मेंढ्या मोजायला लागले.
चाळिसाव्या मेंढीला ते एकदम हाताला जड लागलं.

एमरिस ओल्या टोपीनिशी गाडीत वाकला,
काट्यावरची काच अंगठ्यानं पुसली,
आणि इतक्या दिवसांनी म्हणाला,
"चढतोय."