चार हजारांच्या पुढे

कागदावर दोन रेघा. डावा कान, उजवा कान.
बऱ्यापैकी सपाट चालत येतात
आणि चार हजारांपाशी
विहिरीच्या काठावर पाय घसरावा तशा खाली जातात.
"मिलमध्ये होता का?" डॉक्टर चौरसियांनी विचारलं.
होतो. टाइमकीपर, एकतीस वर्षं,
विणाई खात्यात, काचेआड.
काचेला तडा होता. तो कुणी बदलला नाही.

म्हणजे वरचं सगळं गेलं.
झांजेची किनार, रातकिडे,
नातीनं कानात सांगितलेलं गुपित,
'स' आणि 'श' यांच्यातलं अंतर.
उरलंय त्याची मोजदाद करावी म्हणून
हजेरीची जुनी वही काढली
आणि कामगारांच्या रकान्यात गाणी लिहू लागलो.

रविवारी रामबागेत, डोंगरे सरांच्या तबकड्या.
विलंबित ख्याल. सर डोळे मिटतात तेव्हा ऐकत असतात,
मी मिटले की झोपतो.
लिहिलं : हजर, अर्धी पाळी.
पण डग्ग्यावर मनगट सरकलं
आणि पोटात काहीतरी कुशीवर वळलं,
ते कुठल्या रकान्यात घालू?
मग सरांनी परदेशी चौघांची तंतुवाद्यं लावली.
पहिलं व्हायोलिन चढत गेलं, पातळ होत गेलं,
जिन्यावरून कुणी गच्चीवर निघून जावं तसं.
खाली चेलो बोलत राहिला, एकटाच,
पाहुणे गेल्यावर ताटं उचलणाऱ्या माणसासारखा.
त्याला पूर्ण पाळी दिली. वर ओव्हरटाइम.

सांवेरच्या पुढच्या एका गावात
गेंदालाल रात्रभर निर्गुणी गातो.
मंजिऱ्या मला नुसत्या हलताना दिसल्या.
निम्मे शब्द गेले.
तंबोऱ्याचा जाड तार मात्र
जाजमातून, मांडीच्या हाडातून वर आला
आणि मी, देवळात न जाणारा,
मानेवरचा काटा झोपवायला मफलर घट्ट केला.
उन्हाळा होता.

खरं सांगायचं ते पुढेच आहे.
खालच्या भाडेकऱ्याचा ओजस.
जेल रोडवरून आणलेला मोठा हेडफोन त्यानं माझ्या डोक्यावर बसवला.
"काका, आवाज कमी करू?" असं ओठ म्हणाले.
नको, म्हटलं.
आणि सुरू झालं, काय सुरू झालं म्हणून सांगू भिया,
चारशे साचे एकदम!
दुसरी पाळी, तेलाचा वास, कांजीचा वास,
भेरूलाल जॉबर बोटांनी सांगतोय, चहा आलाय.
गाणारा ओरडत होता, कशावर ते कळलं नाही,
पण सातवा ठोका तो दर वेळी गाळत होता
आणि दर वेळी मी उठायला जात होतो,
कारण असा ठोका चुकतो
तेव्हा कुठेतरी ताना तुटलेला असतो.

ज्या आवाजानं माझे कान खाल्ले
तो वाद्यांत भरून कुणीतरी परत पाठवला होता,
आणि मला राग यायला हवा होता.
नाही आला. मान हलत होती.
ओजस घाबरून पाणी घेऊन आला.
वहीत काहीच लिहिलं नाही, फक्त
मिल बंद झाली त्या तारखेखालच्या
कोऱ्या ओळीवर बोट फिरवलं.

वर आलो. वत्सला ओट्याशी
पाठमोरी काहीतरी म्हणाली,
'स'नं सुरू होणारं, किंवा 'श'नं.
तिला वळवून
तिच्या गळ्याच्या खळगीवर दोन बोटं ठेवली.
परत म्हण, म्हटलं.
ती हसली, ते बोटांना आधी कळलं.
मग बहुधा म्हणाली,
शेव संपली.