पूर्वेकडची भिंत

जुन्या मॉलचे खांब सात मीटर वीसवर,
माझे आठ चाळीसवर.
एका पंगतीला बसायला तयार नाहीत.
तीन आठवडे मी पडद्यावर
त्यांची समजूत काढते आहे.

ओउलू शहर, नोव्हेंबर. दुपारी तीनलाच दिवे.
खिडकीतून दिसतो चौक
आणि चौकाकडे पाठ करून बसलेला तो मॉल,
शहाऐंशी साली ओतलेला, पुढे दोनदा रंगवलेला.
त्याला आता आम्ही शेपूट लावणार:
बावीस दुकानं, सिनेमाचे चार पडदे,
वर काचेचं छत, छतावर मावेल तेवढा बर्फ.
बर्फाचं वजन मी धरलंय. ते सोपं असतं.

अवघड आहे पूर्वेचं दार.
दोन दारांमधल्या चिंचोळ्या जागेला
आमच्याकडे वाऱ्याचं कपाट म्हणतात.
बाहेरचा वारा आत शिरण्याआधी
तिथे टांगून ठेवायचा, कोटासारखा.
माझ्या आराखड्यात ते कपाट नाही.
त्या जागी सरकता जिना.

सकाळी आठला मोजायला गेले.
लेझर, वही, बोटं कापलेले हातमोजे.
कपाटात आधीच चौघं,
हीटरच्या जाळीला बूट टेकवून.
किल्ल्या करणारा वेइक्को दुकान उघडण्याआधी
तिथेच सिगरेट ओढतो, न पेटवता.
एका बाईंनी पाय आखडून घेतले
माझा लाल ठिपका भिंतीवर पोचावा म्हणून,
आणि विचारलं, "किती आलं?"
"एक मीटर नव्वद."
"हं. मला जास्त वाटलं होतं."

नगरपालिकेच्या तळघरात मूळ नकाशे सापडले.
पिवळा ट्रेसिंग कागद, कडेला कपाचं गोल.
पूर्वेच्या भिंतीपाशी पेन्सिलीनं:
"सळ्या सोडून ठेवल्या आहेत. पुढे कुणी येईल."
खाली सही, के. यूलितालो.

मला भरून आलं, खरं सांगते.
अडतीस वर्षं भिंतीच्या पोटात
माझ्यासाठी हात पुढे करून!

शोधत गेले. नव्वदीचा कौको यूलितालो
वृद्धाश्रमात शब्दकोडं सोडवत होता.
नकाशा डोळ्यांशी धरला, हसला.
"लोखंड उरलं होतं. परत न्यायला ट्रक नव्हता.
काहीतरी लिहायला तर हवं."
मग म्हणाला, आडवे सात, पाच अक्षरं,
गोड्या पाण्यातला मासा.
मला आलं. तो जरा नाराज झाला.

भिंत फोडली. सळ्या शाबूत,
गंज वरवरचा.
पण जुन्या-नव्यात फट ठेवावीच लागते,
पन्नास मिलिमीटर,
हिवाळ्यात आकसायला, जुलैत फुगायला,
सख्ख्या शेजाऱ्यांत असते तेवढी.
सळ्या कापायला सांगितल्या.
अकरा होत्या.
फटीवर ॲल्युमिनियमची पट्टी येईल,
तिच्यावरून ट्रॉलीचं चाक टक् म्हणेल, बस्स.

सोमवारी गुंतवणूकदारांची बैठक.
सारिक्को बाईंनी नकाशावर बोट ठेवलं.
"ही दोन दारं? मध्ये साडेनऊ चौरस मीटर मोकळे?
भाडं कोण देणार?"
म्हटलं, अग्निशमनाचा नियम आहे.
असा काही नियम नाही.
त्यांनी वहीत लिहून घेतला.

जिना दीड मीटर डावीकडे सरकलाय.
कपाट आता दोन मीटर दहा.
हीटर मात्र अजून कुठल्याच यादीत नाही.
उद्या तो विजेच्या नकाशात घुसवायचा,
सव्वीस क्रमांकाच्या ओळीत,
गटार-झाकणांच्या खाली,
जिथपर्यंत कुणी वाचत नाही.