झूम नाही

वुच. नावाचा अर्थ होडी,
आणि नदी म्हणाल तर रस्त्यांखाली पुरलेली.
अशा गावात माझं दुकान:
जुने कॅमेरे, पट्टे, बॅटऱ्या,
पासपोर्टचे फोटो दहा मिनिटांत.

बोगुमिलाबाई मार्चमधल्या एका मंगळवारी आल्या.
ट्रामवाल्यांचा निळा कोट अजून अंगावर,
निवृत्त होऊन तीनच दिवस झालेले.
म्हणाल्या, जूनमध्ये समुद्रावर जातेय,
वेबाला, बहिणीबरोबर. साधा कॅमेरा द्या.
साधा म्हणजे साधा. नातवाकडे आहे तसला नको,
त्याला बटणंच इतकी, की बोटं पुरत नाहीत.

मी सवयीनं सुरू झालो.
हा बघा, चाळीसपट झूम, चंद्रावरचे खड्डे दिसतात.
हा पाण्यात पडला तरी चालतो.
आणि हा, समोरचा हसला की आपोआप टिपतो.

बाईंनी एकेक हातात घेतला,
खरबूज हुंगून पाहावं तसा.
कोटाच्या खिशात घालून पाहिला,
हातमोजा चढवून बटण दाबून पाहिलं.
मग विचारलं,
आणि समोरचा हसलाच नाही तर?

याचं उत्तर माहितीपत्रकात नव्हतं.
मी म्हटलं, आधीचे फोटो घेऊन या.

शनिवारी आल्या. बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
डब्यात तीस उन्हाळे.
वाकडा समुद्र, एका बाजूनं सांडत चाललेला.
नवरा, मानेपर्यंत.
पुन्हा नवरा, या खेपेला नुसती चप्पल आणि पोटऱ्या.
एक किल्ला, शेंगदाण्याएवढा.
आणि माणसं, सगळी लांब, ठिपके ठिपके,
जणू थांब्यावर उभी आहेत
आणि गाडी यायला अजून वेळ आहे.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.
एकतीस वर्षं ही बाई काचेमागे बसली.
काचेत आधी ठिपका दिसायचा,
ठिपक्याची छत्री व्हायची,
छत्रीखाली म्हातारी, म्हातारीच्या पिशवीत कोबी,
कोबीच्या पानावर थेंब.
सगळं आपसूक जवळ यायचं.
बाईंनी फक्त दांडा धरून बसायचं.
सुट्टीतही तशाच उभ्या राहिल्या असणार,
जागच्या जागी,
किल्ला येईल म्हणून.

हे मी बोललो नाही. गिऱ्हाईक गेलं असतं.
मागच्या फडताळातून एक काढला,
कोपरा चेपलेला, किंमत सांगायलाही संकोच वाटावा असा.
भिंग एकच. पुढे नाही, मागे नाही.
झूम नाही.

मग लांबचं कसं घ्यायचं?
चालत जाऊन.

बिनतिकीट प्रवाशाकडे पाहावं
तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
पट्टा फुकट मागितला. दिला.

जुलैत परत आल्या, नाकाची सालं निघालेली.
एकवीस फोटो. पंधरा दिवसांत एकवीस!
मासे धुरवणाऱ्याचे हात, नखांत सोनेरी खवले.
बहिणीचा कान, उन्हानं आरपार तांबडा.
कुणाचं तरी ओलं कुत्रं,
इतकं जवळ की भिंगावर शिंतोडे.
वाळूच्या टेकडीवरून उतरणारी पोरं, हललेली, धूसर,
पण आरडाओरडा ऐकू येतोय.
बहीण एकाही फोटोत हसत नाही.
दात बसवायचेत तिचे, बाई म्हणाल्या,
हसणारा कॅमेरा घेतला असता
तर उपाशीच राहिला असता.

समुद्र अजून वाकडाच. ते काही सुधारलं नाही.

शेवटच्या फोटोत नुसता गुलाबी डोंगर,
मागे चिमूटभर आकाश.
अंगठा आलाय, मी म्हटलं, हा वगळतो.
छापा, त्या म्हणाल्या.
इतक्या वर्षांत एका तरी फोटोत मी आलेय.

मी एकवीसच्या एकवीस छापले.
पैसे वीसचेच लावले,
तर भर दुकानात माझ्याशी भांडल्या,
आणि नाणी मोजून ठेवली,
एकेक, काचेवर.