तीन सूत

बत्तीस वर्षं लेथवर काढली, उद्यमनगरात.
लोखंड ऐकतं.
टूल टेकवलं, फीड दिली
की निमूट सोलत जातं,
निळी गरम सालं पायाशी पडत राहतात.
माती ऐकत नाही, हे कळलं परवाच्या माघात,
रिटायर होऊन तीन महिने झाल्यावर.

घरामागं साडेअकरा फूट बाय नऊ.
तिथं माझं भंगार:
जुना चक, गंजके दोन शाफ्ट, जळालेली मोटर,
लागंल कधीतरी, म्हणून ठेवलेलं.
सतरा वर्षं मालन म्हणायची,
एवढी जागा द्या, चार मिरच्या तरी लावीन.
मी म्हणायचो, बघू.
आता जागा मोकळी झाली
तर तिचे गुडघे गेले.
पायरीवर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसते,
मी तिचा हेल्पर.

कुदळ मारली की ठण्ण.
हातभर मातीत एक नट, दोन वॉशर,
तुटकं ड्रिल, ओंजळभर कीस.
कुंपणापलीकडनं मेहरून बागवान बघत होती,
कपिलतीर्थात भाजी विकते ती.
म्हणाली, काका, ह्यात काय बोल्ट उगवणार?
मालन खुर्चीतनं: उगवू दे की,
माझ्या अंगात रक्त कमीच हाय.

साखर कारखान्याची मळी आणली दोन पोती.
गल्लीला आठवडाभर वास.
कुणी तोंडावर बोललं नाही,
खिडक्या तेवढ्या लागल्या.

बी किती खोल?
बियाच्या दुप्पट.
म्हणजे किती?
म्हणजे दुप्पट, मालन म्हणाली.
मी आत जाऊन व्हर्नियर आणला.
भेंडीचं बी पावणेपाच मिलिमीटर,
पुढचं पाच, त्यापुढचं साडेचार.
एका पुडीत दोन सारखी नाहीत.
हा माल आमच्याकडं पास झाला नसता.
तिनं करंगळीचं नख पुढं केलं: एवढं.
(माझ्या डाव्या हाताला ती नाही,
प्रेसखाली गेली.)
मोजलं.
तीन सूत. तंतोतंत.

मग तिच्या काठीला टोकापासून तीन सुतांवर
दोरा बांधला.
बसल्या बसल्या ती भोकं पाडत गेली,
काठी पोचेल तिथवर भेंडी.
त्यापलीकडं मी एकट्यानं पोकळा फेकला,
रेतीत कालवून,
कुठं दाट, कुठं टक्कल.

नळ एक दिवसाआड, पहाटे साडेचारला.
पाइप धरून उभा असतो
आणि चौथ्या पहाटे
बॅटरीच्या उजेडात वाटलं, कीस चमकतोय.
वाकून बघितलं.
हिरवा होता.
मालनला हाक मारली नाही लगेच.
थोडा वेळ नुसताच उभा राहिलो,
पाणी चपलेत.

शाफ्ट दोन्ही पुरले, वर तार ओढली,
दोडका चढायला लागला त्यावर.
मालन म्हणाली, लागलं बघा कधीतरी.

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, नखं अजून गुलाबी,
पहिला पोकळा खुडला.
पाटीभर वाटला,
लसणावर टाकला तर एक वाटी.
बाकीचा उरला कुठं, म्हणून मी कढईत बघत बसलो.
कच्चाच एक मूठ बाजूला काढलेला, तो मेहरूनला दिला.
अख्खी हातगाडी भरून माल विकणारी बाई,
तिनं मुळं नाकाशी नेली,
म्हणाली, भाव काय लावू, काका?

भेंडी पाडव्यानंतर.
मी थांबलो होतो, चार इंच भरू दे.
मालन ओरडली, जून होईल, जून!
काठीनं फांदी ओढून घेतली स्वतःकडं,
अंगठ्यानं टोक दाबलं:
टक्.
हे गेज मला बत्तीस वर्षांत कुणी दिलं नव्हतं.
तशीच खाल्ली तिनं, लव पदराला पुसून,
अर्धी माझ्याकडं केली.

मळीचा वास अजून येतो थोडा.
काल भेंडीच्या बुडात आणखी एक वॉशर निघाला,
पाऊण इंची.
खिशात टाकला.
लागंल.