चार बोटं वर

दहीबा आत्या नदी काढत नाही.
बाकी सगळं काढते :
खजुराचं झाड, बुंध्याला टेकलेली घागर,
दारावर वाळवून टांगलेली मगर,
भिंतीत बसवलेल्या चिनी मातीच्या बश्या
ज्यांत चंद्र उतरायचा म्हणे, जेवायला.
नदीच्या जागी नुसता चुना.
कैरोहून आलेल्या बाईंनी विचारलं,
"इथं काही राहिलंय का?"
"हो," आत्या म्हणाली, "तिथंच राहिलंय."

आमच्या वसाहतीत घरांना आकडे आहेत.
आमचा एकशे बारा.
दार रस्त्याकडे, रस्ता उसाकडे,
ऊस कारखान्याकडे तोंड करून.
जुन्या गावात सगळी घरं नदीकडे बघायची,
नमाजाला उभी राहिल्यासारखी, खांद्याला खांदा लावून.
इथल्या पहिल्या उन्हाळ्यात लेकरं गेली.
आत्याचंही एक.
त्याचं चित्र नाही.

रंग मी कालवतो.
चुना, गेरू, चुलीची काजळी,
आणि कपड्यांची नीळ. तिची पुडी
ती सोडते, हुंगते,
पुन्हा बांधून उशाखाली ठेवते.

झाडं मोजायला साहेब आला होता, तेव्हाची गोष्ट.
"हे कुणाचं?"
जमीन अवाद्याची.
रोप लावलं शरीफाच्या आजीनं.
पाणी घातलं आमच्या आजोबांनी, नऊ वर्षं.
आणि वरचा एक घड, दर हंगामाचा,
आत्याला आंदणात आलेला.
साहेबाच्या वहीत रकाना एकच.
त्यानं लिहिलं : झाड एक. पाउंड अर्धा.
पुढच्या हंगामात ते गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून पिकलं.
मागं राहिलेली दोन-चार माणसं
होडीत बसूनच, हात लांबवून, खजूर तोडत होती.
"इतकं सोपं कधी नव्हतं," आत्या सांगते,
हसते,
आणि मग स्वच्छ असलेला ब्रश
कितीतरी वेळ धूत बसते.

गेल्या वर्षी नेलं तिला, तलावावर.
नावाड्यानं इंजिन बंद केलं. "इथंच असेल."
"इथं का तिथं?"
"आजी, पाण्यावर पाटी कुठं लावणार?"
तिनं पेला बुडवला, उन्हात धरला.
दोन कण गिरक्या घेत तळाशी बसले.
"कुणाची तरी भिंत," ती म्हणाली
आणि पिऊन टाकलं.

बोटीवर कुत्र्यांना जागा नव्हती.
शेळ्यांना होती, कोंबड्यांना होती,
शिवणयंत्राला होती.
बारूद काठाकाठानं धावत आला,
वळणापर्यंत,
मग काठच संपला.

त्याला ती दर वर्षी काढते, मागच्या भिंतीवर.
आधी जोत्याशी होता.
दुसऱ्या वर्षी चार बोटं वर,
तिसऱ्या वर्षी आणखी चार.
"पाणी चढतंय ना," म्हणायची,
दूध उतू जातंय अशा आवाजात.
पुढं धरण भरलं, पाणी ठरलं,
वर्तमानपत्रात फोटोही आला.
तिनं तो चुलीत घातला आणि शिडी मागितली.
जुने बारूद पुसत नाही ती.
खालून वर बघितलं तर
एकच कुत्रा पन्नास-साठ वर्षं भिंत चढतोय,
कुठं गेरूचा, कुठं काजळीचा,
एकदा तर नुसत्या चहाच्या पाण्याचा,
हाताशी पैसे नव्हते त्या साली.

यंदा तो छताच्या कडेला पोचला.
तिचे गुडघे आता शिडीचं ऐकत नाहीत.
मी चढलो.
खालून तिचं चालूच :
"शेपूट एवढी ताठ नको. तो काय शिपाई आहे?
पाय जरा जवळ घे. दमलाय तो."
मग तिनं उशाखालची पुडी आणली,
गाठ दातांनी सोडली,
काठीच्या टोकाला बांधून वर दिली.
"नाकावर. एकच ठिपका. ओलं दिसू दे.
आणि कान...
कान पाडू नकोस रे, उभे कर,
त्यानं आपल्याला ऐकलंय."