लागू असतील त्या सर्व

बोझेनाला पत्र आलं ते वेल्श भाषेत.
मुलीच्या कानाच्या तपासणीची तारीख होती त्यात.
तिला ती वाचता आली नाही. तारीख गेली.
फोनवर एवढंच म्हणाली,
मी तीन खुणा केल्या होत्या. तीन.

लानेल्लीच्या दवाखान्याच्या फॉर्मवर प्रश्न साधा आहे:
घरी कुठल्या भाषा बोलता?
लागू असतील त्या सर्व निवडा.

मी लॉग उघडला. ब्राउझरने काही चोरलं नव्हतं.
भाषा इंग्रजी, भाषा पोलिश, भाषा वेल्श,
एकाच नावाच्या तीन बहिणी दारात उभ्या
आणि आत माझी ओळ,
दोन वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी मीच लिहिलेली:
गेट.
गेट एकच आणतं. शेवटचं.
फ्रेमवर्कच्या पुस्तिकेत हे ठळक छापलेलं आहे.
पंगतीला तिघी बसल्या, आणि वाढप्याने
फक्त कडेच्या पानावर भात घातला.
एरर नाही, इशारा नाही,
हिरवी खूण आणि 'आपली माहिती जतन झाली, धन्यवाद.'

यादी इंग्रजी वर्णक्रमाने. वेल्शच्या खाली नुसतं 'इतर'.
म्हणजे ज्याने वेल्शवर टिचकी मारली
तो दोन वर्षं फक्त वेल्श.
अहवालात आकडा चढत गेला.
गेराल्टने तो छापून किटलीवरच्या फळीला चिकटवला होता;
त्याच्या पणजोबांनी शाळेत या भाषेपायी छड्या खाल्लेल्या.
वाफेने कागदाची कड वळली होती.
मी त्याला सांगितलं.
त्याने कागद लगेच काढला नाही.
आधी चहा केला, दोघांना.

मग दुरुस्ती. गेटच्या जागी गेटलिस्ट,
कीबोर्डवर चार अक्षरं जास्त.
पण खाली तक्त्यात रकाना एकच,
एका म्यानात दोन तलवारी, तशी गत.
तो मोडला, वेगळा तक्ता बांधला,
माणसामागे हव्या तितक्या ओळी.
'कंट्रोल दाबून धरा' ही सूचनाही काढली.
इडवाल प्रिचर्ड, वय एकोणऐंशी, हात थरथरणारे,
एक बोट कंट्रोलवर, दुसरं माउसवर,
पहिलं निसटलं की आधीच्या सगळ्या निवडी पुसलेल्या
आणि तो पुन्हा मुळाक्षरांपासून.
आता चौकटी आहेत, ज्याची त्याची वेगळी.

एक राहिलं होतं.
कोणी काहीच निवडलं नाही तर
फॉर्म त्या प्रश्नाचं नावसुद्धा पाठवत नाही.
विचारलंच नव्हतं, की सांगायचं नव्हतं,
कळायला मार्ग नाही.
तिथे एक लपवलेला रिकामा ठेवला,
हात हलवत का होईना, हजेरी लावणारा.

जुन्या नोंदी काही परत येत नाहीत.
वहीत उतरलंच नाही ते कुठून आणणार?
चार हजार एकशे बारा घरांना पुन्हा विचारायचं.

चाचणीला मी माझंच नाव भरलं.
इंग्रजी, हो.
वेल्श? मुलगा शाळेतून आणतो, त्यातच भात मागतो. हो.
त्यांचा दोन एलचा उच्चार मला अजून जमत नाही,
गेराल्टला माझा ळ.
मराठी यादीत नव्हती.
'इतर', आणि समोर बोटभर जागा.
लिहिलं, जतन केलं, पान पुन्हा उघडलं.
तीन.
जुनी ओळ असती
तर मी नुसती 'इतर' उरले असते.

बोझेनाला अकरा मार्च मिळाली.
नवं पत्र तीन भाषांत, घडी जाड झालेली,
पाकीट मिटेना.
टपालखोलीतल्या मेरेडने
दातांनी चिकटपट्टी तोडून त्यावर लावली.