शिवणीतली ऊ

यामालच्या बर्फात, चुमच्या तंबूत
हाद्ने रेनडिअरच्या कातड्यात सुई खुपसते.
धागा म्हणजे त्याच्याच पाठीची तात,
तोंडात ओली केलेली.

मी विचारलं, माणूस कपडे का घालतो?
ती हसली.
"तुझे काढ, आणि बाहेर जाऊन ये."

खरंय. पण त्याच्याही आधी
उन्हात धावता धावता
आपणच अंगावरची लव झडू दिली,
घामाला वाट मिळावी म्हणून.
मग निघालो उत्तरेला, तसेच उघडे,
आणि ज्याचं मांस खाल्लं
त्याच्याकडूनच केस उसने घेतले.

पहिला अंगरखा कुठेच सापडत नाही.
चामडं कुजतं,
लाज तर हाडांतही उरत नाही.
साक्षीला राहिली एक ऊ,
डोक्यातून उतरून शिवणीत बिऱ्हाड केलेली,
आणि तिथलीच झालेली.
तिच्या पिढ्या मोजून
आपण आपल्या वस्त्रांचं वय काढतो.

हाद्ने बाही उलटी करते,
दिव्यापाशी धरते.
नखावर नख.
टच्.

"लाज?" ती म्हणते, "ती नंतर आली असेल.
आधी बाळ रडलं असेल."

आणि नातवाच्या मापाला
दोन बोटं जास्त सोडून
कातडं कापते.